पाखरं उठली नाहीत

१

हिवाळ्यात ऐतवारी आम्ही चिंताकीकडं जायचो. बीदरहून सकाळी निघायचं, औराद मागं टाकायचं, सासूबाईंच्या घरी (मी त्यांना आत्या म्हणते) चहा घ्यायचा आणि तळ्याच्या बांधावर जाऊन तिपायी रोवायची. मी बीदरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझे मिस्टर रत्नपाल बीदरजवळच कोळारच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात. पाखरांचं वेड मूळचं माझं. लग्नानंतर ते त्यांना लागलं आणि माझ्याहून जास्त भिनलं.

दिवाळीनंतर तळं आटायला लागतं. बांधाखाली चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर थंडीतले पाहुणे उतरतात. टिलवे, तुतवारी, चिखले, लांब लाल पायांचे शेकाटे. नवख्या माणसाला सगळी सारखीच दिसतात, चिखलाच्याच रंगाची. मी पोरांना सांगते, लांबच्या पाखराच्या रंगावर जाऊ नका. ते उभं कसं राहतं, मान कशी काढतं, पाऊल कसं टाकतं ते बघा. आपलं माणूस पाठमोरं लांब गेलं तरी आपल्याला कळतंच ना, तसं.

या पाखरांच्या दोन गोष्टी मी कधी चुकलेल्या पाहिल्या नव्हत्या. वारं सुटलं की ती वाऱ्याकडं तोंड करून बसतात, नाहीतर पिसं उलटी होतात. आणि माणूस चालत आला की उठतात. कितीही हळू जा, कितीही वाकून जा. आधी टिटवी बोंबलते, मग सगळा थवा उठतो.

त्या जानेवारीत वारं फार होतं. बांधावरून सुटायचं ते थेट पाण्यावर. माझी ओढणी तोंडावर यायची, तिपायी दोन्ही हातांनी धरावी लागायची. रत्नपाल डोळा दुर्बिणीला लावून बसले होते. एकदम म्हणाले, "शिवकन्या, त्यो माणूस बघ."

मी पाहिलं. चिखलाच्या पार टोकाला, पाण्याजवळ, एक माणूस आमच्याकडं पाठ करून उभा होता. त्याच्या पायाशी टिलवे चरत होते. पायाशी म्हणजे अगदी पायाशी. एक तर त्याच्या दोन पायांच्या मधून गेला.

"नशीबवान हाय गडी," रत्नपाल म्हणाले. "आपल्याला बघून कशी भुर्र उडत्यात, आन् त्याला बघ."

"बुजगावणं असंल."

"चिखलात कोण बुजगावणं लावंल? कामून लावंल?"

मी पुन्हा डोळा लावला. बांधाखालची बाभूळ वाकत होती, लव्हाळं आडवं झालं होतं, पाखरांच्या पाठीवरची पिसं थरथरत होती. त्या माणसाचा सदरा मात्र हलत नव्हता. वाऱ्याचा झोत त्याच्या पाठीवरच होता, तरी कापड भिंतीवर लिंपल्यासारखं सरळ होतं.

भिजलेलं असेल, मी मनाशी म्हटलं. ओलं कापड अंगाला चिकटतं. आणि तिपायी उचलून आम्ही जेवायला गेलो.

२

आमच्या घरात भूतखेत, भानामती मानत नाहीत. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून नाही. या सीमेवरच्या गावांत भानामतीच्या नावानं बायांना काय काय सोसावं लागलं, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. म्हणून हे सांगताना मलाच संकोच होतो. पण झालं ते असं झालं.

पुढच्या ऐतवारी तो माणूस अलीकडं आला होता. आता पाण्यापाशी नव्हता, चिखलाच्या मध्यावर होता. पाठ आमच्याकडंच. पाखरं सगळी वाऱ्याकडं, म्हणजे आमच्याकडं तोंड करून बसलेली आणि त्यांच्यात तो एकटा उलटा.

निंगप्पा म्हशी घेऊन बांधावर आला. निंगप्पाची आमची ओळख जुनी. त्याच्या म्हशी तळ्यात उतरायच्या आणि तो आमच्या शेजारी बसून तंबाखू मळायचा. मी त्याला विचारलं, "निंगप्पा, तिकडं कोण उभारलंय?"

त्यानं हाताची पट्टी कपाळाला लावली. "खुट असंल, अक्का. मासं धरायला जाळं बांधत्यात."

"खुट गेल्या ऐतवारी पल्याड होता."

तो हसला. "मग दुसरा रोवला असंल."

"ह्यातून बघ."

त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. त्याला सवय नव्हती, बराच वेळ एक डोळा मिटेना, दुसरा उघडेना. मग तो थांबला. डोळा काढून त्यानं रत्नपालकडं पाहिलं, पुन्हा दुर्बिणीकडं पाहिलं.

"काय रं?" रत्नपालनी विचारलं.

"काय न्हाई साहेब. तुमच्यावानी वाटला."

रत्नपाल मोठ्यानं हसले. मी हसले नाही. कारण मला ते गेल्याच ऐतवारी दिसलं होतं आणि मी बोलले नव्हते. तो भार डाव्या पायावर टाकून उभा होता. उजवा हात पाठीमागं वळवून त्यानं डावं कोपर धरलेलं. रत्नपाल बॉयलरपुढं तासन्‌तास उभे राहतात, त्यामुळं त्यांना तशीच सवय आहे. असं उभं राहणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

निंगप्पानं म्हशींना हाळी घातली आणि नुकत्याच पाण्यात उतरलेल्या म्हशी वळवून गावाकडं नेल्या.

३

"म्या बघून येतो," रत्नपाल म्हणाले.

"नका जाऊ. आत जुन्या ओढ्याचा, वगळीचा खड्डा हाय. आत्या किती वेळा सांगत्यात."

"मला ठावं हाय वगळ कुठंय ती. लहानपण इथं गेलंय माझं." त्यांनी चपला काढून बांधावर ठेवल्या, पँट वर दुमडली. मोबाईल माझ्या हातात दिला. "त्यो गडी पाखरांत कसा उभारतोय ते तरी इचारतो."

ते उतरले. मी दुर्बीण त्यांच्यावर धरली. त्यांच्या पाठीवर सदरा फुगून फडफडत होता. टिटवी ओरडली. पहिला थवा उठला, चकाकत वळला आणि पलीकडं जाऊन बसला. ते चालत राहिले. दुसरा उठला, मग शेकाटे लांब पाय मागं सोडून उठले. जसजसे ते पुढं जात होते तसतशी पाखरं उठत होती, आणि त्या उभ्या माणसाभोवतीची मात्र चरत होती.

रत्नपाल त्याच्याजवळ पोचले तेव्हा मला दोघंही एकाच चौकटीत दिसत होते. एकाचा सदरा उडतोय, दुसऱ्याचा स्थिर. त्यांनी हाक मारली असावी, कारण त्यांची मान पुढं झाली. तो पुढं सरकला, हे मागोमाग गेले; लव्हाळ्याच्या एका बेटापाशी दोघं आले आणि तेवढ्यात बांधावरची धूळ उठली. माझ्या डोळ्यांत खडे गेल्यासारखं झालं. मी ओढणीनं डोळे पुसले, दुर्बिणीची काच पुसली.

पुन्हा पाहिलं तर चिखलावर एकच माणूस होता. तो परत येत होता.

हायसं वाटलं. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. ते पाखरांमधून चालत आले. शेकाट्यांच्या रांगेतून, टिलव्यांच्या थव्यातून, टिटवीच्या अगदी अंगावरून.

एकही पाखरू उठलं नाही.

४

ते बांधावर चढून माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा रत्नपालचा. कानामागचा तीळ रत्नपालचा. वारं असं होतं की माझे केस तोंडात जात होते आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलरही हलत नव्हती.

"काय होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. खुट होता."

"कुठंय मग खुट?"

"चल. भूक लागलीय."

आवाज त्यांचाच. मी चिखलाकडं पाहिलं. पाखरं होती, लव्हाळं होतं. खुट नव्हता, माणूस नव्हता. मी स्वतःला समजावलं. पाखरं एकदा उठून बसली की दमतात. त्यांना कळलं असेल, हा माणूस काही करत नाही. सदरा भिजला असेल. पण भिजलेला सदरा गडद दिसतो हे मलाही दिसत होतं आणि तो कोरडा होता. मी घाईघाईनं गाडी सुरू केली. दुर्बीण बांधावरच राहिली हे मला घरी जाईपर्यंत आठवलं नाही. त्यांच्या चपलाही तिथंच राहिल्या. ते अनवाणीच गाडीत बसले.

सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या भोवती कोंबड्या. मी गाडीतून उतरले तशा कोंबड्या ओरडत बाजूला पळाल्या. मग ते उतरले आणि कोंबड्यांमधून दाराकडं गेले. एक कोंबडी त्यांच्या पावलाखाली येता येता राहिली. तिनं मान वर केली नाही, दाणे टिपत राहिली.

सासूबाईंनी मात्र लगेच पाहिलं. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, लेकाच्या गालावर हात ठेवला. "किती गार पडलास रं, लेकरा. ये, आत बस."

त्यांनी जेवायला वाढलं. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. ते जेवले. मी घास तोंडापर्यंत नेत होते आणि खाली ठेवत होते. सासूबाई तव्यावरून भाकरी काढून देत होत्या आणि ते खात होते. चूल विझत आली तरी खात होते.

"लई दिसानं पोटभर जेवायलाय," त्या मला हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवण झाल्यावर ते बाजेवर आडवे झाले. सासूबाईंनी अंगावर गोधडी टाकली. मी दारात उभी राहून गोधडीकडं बघत होते, ती वर-खाली होते का ते. सासूबाईंनी मला बाजूला केलं. "झोपू दे गं त्याला."

"आत्या, दुर्बीण तळ्यावर राहिली. घेऊन येते."

मला दुर्बीण नको होती. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

५

तिपायी वाऱ्यानं पडली नव्हती. शेजारी रत्नपालच्या चपला तशाच होत्या, जोडीनं, टाचा गावाकडं. मी दुर्बीण उचलायला वाकले आणि सवयीनं डोळा लावला.

लव्हाळ्याच्या बेटामागं चिखल हलत होता. आधी मला म्हैस वाटली. मग हात दिसले. दोन हात, चिखलानं काळे झालेले, वर उठून हलत होते. मग डोकं. तोंड उघडं होतं, पुन्हा पुन्हा उघडत होतं. वारं माझ्याकडून तिकडं जात होतं, म्हणून काही ऐकू येत नव्हतं. चिखलानं भरलेला सदरा खांद्यावर फडफडत होता. आजूबाजूला एकही पाखरू नव्हतं.

रत्नपाल होते. वगळीच्या खड्ड्यात छातीपर्यंत रुतलेले.

मी किंचाळले ते निंगप्पानं ऐकलं. तो गावाच्या वाटेवर होता. धावत आला, त्यानं पाहिलं आणि मागं वाटेकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "अक्का, साहेब तर तुमच्या गाडीत होते. म्या बगितलं की. तुमच्या शेजारी बसून गेले."

"दोरी आण, निंगप्पा. आधी दोरी आण."

त्यानं म्हशींचे कासरे एकाला एक बांधले. मी चिखलातून गुडघ्यागुडघ्यानं पुढं गेले. ते मला बघत होते, पण आता ओरडत नव्हते. मी जवळ पोचले, कासरा त्यांच्या काखेतून घातला, तेव्हा त्यांचे दात वाजत होते. अंग थंड होतं, पण थंडीनं गारठलेल्या माणसाचं थंड. मानेवरची शीर उडत होती. मी ती बोटानं चाचपली, पुन्हा पुन्हा चाचपली.

आम्ही दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. घट्ट चिखलावर येऊन पडल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात.

"किती हाका मारल्या तुला," ते म्हणाले. "तू बांधावर होतीस. मला दिसायलीस. तू कुणाशी तरी बोललीस आन् गाडीत बसून निघून गेलीस."

मी ओढणीनं त्यांच्या डोळ्यांवरचा चिखल पुसला.

"शिवकन्या, कोणासंगं गेलीस तू?"

६

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. निंगप्पा आमच्यासोबत आला, पण अंगणाबाहेरच थांबला. सासूबाई दारात भांडी घासत होत्या. चिखलानं माखलेल्या लेकाला बघून त्यांनी हातातला राखेचा चोथा खाली टाकला.

"आगं बया! जेवून कुठं जाऊन पडलास रं?"

"माय," रत्नपाल म्हणाले, "म्या सकाळच्या चहावर हाय. जेवलो न्हाई."

सासूबाईंनी समोरच्या ताटाकडं पाहिलं. घासून झालेलं ताट होतं ते. मग त्या वळून आत बघायला लागल्या. मी त्यांच्या आधी आत गेले. बाज रिकामी होती. गोधडी नीट घडी करून उशाला ठेवलेली होती. मागचं दार उघडं होतं आणि वाऱ्यानं भिंतीवर आपटत होतं.

"आत्ता तर हुता," सासूबाई म्हणाल्या. "उठला, घडी घातली. जातो माय म्हणला. म्हणलं, ये पुन्ना."

"तू ये म्हणलीस?" रत्नपालनी विचारलं.

"लेकराला काय म्हणावं मग?"

रत्नपाल भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी तापवलं. त्यांना न्हाऊ घालताना सगळ्या अंगावरून हात फिरवला, मुलाला न्हाऊ घालावं तसा. पायाला जखमा होत्या, त्यातून रक्त येत होतं. त्या रक्ताकडं बघून मी रडले.

७

त्यानंतर आम्ही तळ्यावर गेलो नाही. दुर्बीण कपाटावर पडून आहे. रत्नपाल कामावर जातात, येतात. कारखान्यात उभं राहायचं काम असतं. पण ते आता हात पाठीमागं बांधत नाहीत, समोर छातीशी धरतात.

सासूबाईंशी फोनवर बोलणं व्हायचं. आधी त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा सहज म्हणाल्या, "ऐतवारी रत्नपाल येऊन गेला." फोन स्पीकरवर होता. रत्नपाल माझ्या शेजारी बसले होते. ऐतवारी ते घरीच होते, दिवसभर, माझ्या नजरेपुढं.

"माय," ते फोनात म्हणाले, "म्या आलो न्हाई."

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या आणि विषय बदलला.

आम्ही त्यांना बीदरला आणायचं ठरवलं. पहाटेच निघालो. खोली तयार केली होती, त्यांच्यासाठी नवी सतरंजी घेतली होती. त्या ओसरीवर बसल्या होत्या, लुगडं नवं, केस विंचरलेले. मागच्या वेळेपेक्षा तब्येत सुधारलेली दिसली. चुलीवर मोठं भगुणं होतं. एकट्या बाईला एवढं लागत नाही.

"चल माय," रत्नपाल म्हणाले. "सामान म्या भरतो."

"मी न्हाई येणार."

"एकटी काय करतीस इथं?"

"एकटी कुठं हाय?" त्या हळू बोलत होत्या, आत कुणी झोपलेलं असावं तशा.

मी त्यांचे हात धरले. "आत्या, त्यो रत्नपाल न्हाई. तुमाला ठावं हाय त्यो न्हाई."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत वेडेपणा नव्हता. तसा असता तर मला बरं वाटलं असतं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू मला कळत न्हाई व्हय? पहिल्याच दिशी कळलं, गालाला हात लावला तवाच."

"मग?" रत्नपालचा आवाज फुटला. "मग कामून जेवायला घालायलीस, माय?"

त्यांनी लेकाच्या केसांतून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "तुला बायको हाय, घर हाय. त्याला कोण हाय रं? कोंबडं सुदीक बगत न्हाई त्याच्याकडं."

आम्ही पुष्कळ सांगितलं. रत्नपाल चिडले, रडले, एकदा तर त्यांनी आईला उचलून गाडीत घालायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. या वयात इतकी ताकद त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "जावा आता. लौकर जावा. तुमाला बगून त्यो यायचा न्हाई." आणि थोडं थांबून माझ्या कानाशी, "न्हाईतर तुझ्यापायी येईलबी. त्यो लई इचारतो तुझं."

मी रत्नपालना गाडीत बसवलं. त्यांनी गाडी सुरू केली. वारं सुटलं होतं, अंगणातला पाला गाडीच्या काचेवर येऊन आपटत होता. मी आरशात मागं पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर सावरत, तळ्याच्या वाटेकडं बघत. अंगणात कुणी नव्हतं. धूळ उठत होती, तेवढंच.

मग त्यांचा चेहरा फुलला. काहीतरी बोलल्या. आणि दारातून एका बाजूला सरकल्या, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा.